एकाच अंगणातले दोन शेजारी : कोंबडी, कुत्रा आणि माणसाची जबाबदारी

🧵 (१) घरचाच कुत्रा घरच्याच कोंबडीवर झडप घालतो, तेव्हा दोष कोणाचा? कुत्र्याचा, खुराडे उघडे ठेवणाऱ्याचा, की दोघांना एका अंगणात आणणाऱ्या माणसाचा? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु रोमन कृषिग्रंथकार, यहुदी धर्मशास्त्री आणि चार्ल्स डार्विन या साऱ्यांच्या लेखनात त्याचे धागे सापडतात. ते एकत्र गुंफण्याचा हा प्रयत्न.

(२) आरंभ काळाच्या अंतरापासून करू. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. पाळीव कोंबडीचे आजवरचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष मात्र थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून ते इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातले मानले जातात. म्हणजे कोंबडी अंगणात आली, तेव्हा कुत्रा तेथे हजारो वर्षे मुरलेला होता.

(३) आणि तो आला होता शिकारीचा सोबती म्हणून. रोखून पाहणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे ही लांडग्याकडून आलेली साखळी त्याच्या अंगी होती. उलट कोंबडी ही रानकोंबड्याची वंशज. भय वाटले की पंख फडफडवून पळणे हा तिचा बचाव, आणि नेमके ते फडफडणेच कुत्र्यातील शिकाऱ्याला जागे करते. या संघर्षात दुष्टावा कोठेच नाही. दोन स्वभावांची गाठ पडली आहे, इतकेच.

(४) यावरचा पहिला उपाय भिंतीचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार कोलुमेला याने कोंबड्यांच्या घराचा तपशीलवार आराखडा दिला आहे. एकमेकांना लागून तीन खोल्या, तोंड हिवाळ्यातील सूर्योदयाच्या दिशेला, आणि जागा भट्टीच्या वा स्वयंपाकघराच्या शेजारी. कारण धूर कोंबड्यांना हितकारक, अशी त्याची समजूत. भिंती आतून-बाहेरून गिलावा करून गुळगुळीत कराव्यात, म्हणजे मांजर वा साप आत शिरणार नाही, असेही तो बजावतो.

(५) दुसरा उपाय निवडीचा. हाच कोलुमेला राखणीच्या कुत्र्याविषयी सांगतो : स्वभाव अतिसौम्य नसावा, अतिक्रूरही नसावा. पहिल्या प्रकारचा कुत्रा चोरापुढेही शेपूट हलवतो, तर दुसऱ्या प्रकारचा घरच्यांवरच धावून जातो. अंगणातल्या कुत्र्याकडून काय अपेक्षावे, याचे इतके नेमके वर्णन आजही क्वचितच वाचायला मिळते.

(६) तिसरा उपाय सवयीचा. कोलुमेलाच्या आधी, इ.स.पू. पहिल्या शतकात, वार्रो याने मेंढपाळांच्या कुत्र्यांविषयी लिहिले : त्यांना दुधात भिजवलेली सातूची भाकरी द्यावी, मेलेल्या मेंढीचे मांस मात्र चाखू देऊ नये, कारण चव लागली की संयम सुटतो. राखणदाराच्या मनात राखणीतले जनावर आणि खाद्य यांची सांगड बसूच द्यायची नाही, हे यामागचे तत्त्व. मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकणाऱ्याने ते आजही ध्यानात ठेवावे.

(७) या तत्त्वाचा विलक्षण नमुना डार्विनने १८३३ मध्ये आजच्या उरुग्वेत पाहिला. तेथे कुत्र्याचे पिल्लू लहानपणीच आईपासून वेगळे करीत, दिवसातून तीन-चार वेळा त्याला मेंढीचे दूध पाजीत आणि मेंढवाड्यातच लोकरीची गादी करून ठेवीत. इतर कुत्र्यांशी वा घरातल्या मुलांशी त्याचा संबंध येऊ देत नसत. मोठेपणी ते कळपालाच आपले कुटुंब मानी. शत्रुत्व मिटवायचे तर आरंभ पिल्लाच्या वयातच करावा लागतो, याचा हा पुरावा.

(८) याउलट पाश्चात्त्य शेतकऱ्यांत रूढ असलेला एक तोडगा पाहा : मारलेली कोंबडी कुत्र्याच्याच गळ्यात बांधून ती कुजेपर्यंत ठेवायची. शिक्षा भयंकर, उपयोग शून्य. कृत्य आणि परिणाम यांत काही क्षणांचेच अंतर असेल, तर जनावर त्यांचा संबंध जोडते. काल केलेल्या झडपेसाठी आज भोगलेली दुर्गंधी कुत्र्याला काहीही शिकवीत नाही.

(९) आता कायद्याकडे वळू. रोमच्या ‘बारा पट्टिकां’च्या कायद्यात, इ.स.पू. पाचव्या शतकात, चतुष्पादाने नुकसान केल्यास मालकापुढे दोनच वाटा होत्या : भरपाई द्या, नाहीतर ते जनावरच स्वाधीन करा. सुमारे इ.स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात तर स्पष्ट नियम आहे : साखळीने बांधलेला नसेल, तर कुत्रा पाळू नये. गंमत अशी, की जेरुसलेममध्ये कोंबड्या पाळण्यास मनाईही त्याच परिच्छेदात आहे, पावित्र्याच्या कारणास्तव.

(१०) बाबिलोनी तालमूदमधील चर्चा याहून सूक्ष्म आहे. कुत्र्याने मोठी मेंढरे किंवा मांजराने मोठ्या कोंबड्या खाल्ल्या, तर ते अस्वाभाविक कृत्य. लहान पिल्ले खाल्ली, तर ते स्वभावाला धरूनच. मग जबाबदारी कोठे अधिक? जे स्वाभाविक, तेथे! कारण जे घडणार हे ठाऊक होते, ते रोखणे मालकाच्या हाती होते. ‘त्याचा स्वभावच तसा’ ही आपली नेहमीची सबब येथे मालकावरच उलटते.

(११) आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीही याच दिशेने जाते. दात वा शिंगे असलेल्या आपल्या जनावराच्या तावडीतून माणसाला सोडवणे शक्य असूनही मालकाने सोडवले नाही, तर त्याला दंड. आणि त्या माणसाने हाक मारली असतानाही दुर्लक्ष केले, तर दुप्पट दंड. येथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे, कोंबडीच्या नव्हे; पण बोट जनावराकडे नसून मालकाकडेच आहे.

(१२) पुढे १८४४ मध्ये इंग्लंडमधील नॉरिच येथे चार्ल्स बर्नार्ड याने कापडाच्या मागाच्या धर्तीवर तारेची जाळी विणणारे यंत्र बनवले आणि कुंपण स्वस्त झाले. तथापि बारीक तारेची ती जाळी कोंबडीला आत ठेवते. हट्टाला पेटलेल्या कुत्र्याला ती बाहेर ठेवीलच असे नाही. त्यासाठी जाड तार लागते, खाली उकरता येऊ नये म्हणून जमिनीत पुरलेली कड लागते आणि रात्री आठवणीने खुराड्याला कडी घालणारा हात लागतो.

(१३) भिंत, निवड, सवय, कायदा. चारही वाटा एकाच ठिकाणी येतात : कुत्रा अपराधी नसतो आणि कोंबडी निष्काळजी नसते. दोन विजोड जिवांना एका अंगणात आणले ते माणसाने, आणि पाळणे या शब्दातच सांभाळणे आले.

तुमच्या भागात कोंबड्या झाकायच्या साधनाला काय म्हणतात? डालगे, खुराडे, की आणखी काही? जरूर लिहा. 🐓