ताजमहाल हॉटेल आणि एक दंतकथा

अपोलो बंदरावर उभें राहून परगांवच्या पाहुण्यास ताजमहाल हॉटेलची एक गोष्ट सांगण्याचा मुंबईकरांचा परिपाठ जुना आहे. हॉटेलचा नकाशा काढणारा शिल्पज्ञ म्हणे कोणी गोरा साहेब होता. तो विलायतेस गेला असतां येथल्या लोकांनीं नकाशा उलटा धरून इमारत बांधून टाकली. परत येऊन पाहतो तों हॉटेलची पाठ समुद्राकडे आणि तोंड शहराकडे! तेव्हां त्यानें वरून उडी टाकून प्राण दिला. गोष्ट मोठी रंगतदार आहे आणि साफ खोटी आहे.

हें हॉटेल निघालें तो काळ आनंदाचा नव्हता. १८९६ सालीं मांडवीस प्लेग उद्भवला आणि घरेंदारें टाकून लोक मुंबईबाहेर पळूं लागले. अशा दिवसांत, १८९८ सालीं, जमशेटजी टाटांनीं अपोलो बंदराजवळची जागा घेतली. त्यांच्या स्वतःच्या घरांतही हा बेत कोणास रुचला नाहीं. लोखंडाचा कारखाना आणि विज्ञानसंस्था यांच्या गोष्टी बोलणारा आपला भाऊ आतां भटारखाना काढणार काय, असा टोला त्यांच्या बहिणीनें मारल्याचें चरित्रकार सांगतात. या टोल्यांत नवल मानण्यासारखें कांहीं नाहीं. घरंदाज माणूस परगांवीं गेला तर आप्ताकडे उतरे, नाहीं तर धर्मशाळेंत. पैसे देऊन परक्याच्या पंक्तीस बसणें हें त्यास कमीपणाचें वाटे. काळ्या घोड्याजवळचें वॉटसन हॉटेल होतें, पण तें साहेबलोकांचें. तेथें प्रवेश नाकारल्यामुळें टाटांनीं ईर्ष्येनें ताजमहाल बांधलें, अशीही एक कथा आहे; तीही इतिहासकारांस पटलेली नाहीं.

आतां त्या साहेबाविषयीं. ताजमहालचे मूळ शिल्पज्ञ दोघे, आणि दोघेही येथलेच: रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य हे फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या हाताखालीं तयार झालेले. बोरीबंदरच्या भव्य स्थानकाच्या कामांत ते स्टीव्हन्स यांचे साहाय्यक होते. १९०० सालीं, काम चालू असतांनाच, वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज शिल्पज्ञानें तें पुढें पुरें केलें. उडी कोणीच टाकली नाहीं. आंतला प्रसिद्ध अधांतरी जिना खानसाहेब सोराबजी रतनजी या कंत्राटदारांचा.

१६ डिसेंबर १९०३ रोजीं हॉटेल उघडलें तेव्हां पाहुणे होते अवघे सतरा! इमारत अपुरीच होती. घुमटही व्हावयाचा होता. तरीही विजेचे दिवे पाहून लोक चकित झाले असल्यास नवल नव्हे, कारण शहरास विजेचा सार्वजनिक पुरवठा १९०५ सालीं सुरू झाला. त्यासाठीं लागणारीं यंत्रें जर्मनींतून आणलीं होतीं. पुढल्याच वर्षीं, मे १९०४ मध्यें, टाटा जर्मनींतच निवर्तले. आपलें हॉटेल पूर्ण झालेलें त्यांनीं पाहिलें नाहीं.

मग नकाशा उलटा झाला ही समजूत आली कोठून? मूळ प्रवेशद्वार खरोखरच मागें, शहराच्या बाजूस होतें. त्या ठिकाणीं आज पोहण्याचा तलाव आहे. घोड्यांच्या गाड्या शहरांतून येत, म्हणून दार तिकडे. आणि समुद्राची मोकळी बाजू पाहुण्यांच्या खोल्यांस. यांत चूक ती कसली? गेटवे ऑफ इंडिया तेव्हां नव्हतेंच, तें १९२४ सालीं पुरें झालें. त्यानंतर माणसांची सारी गर्दी समुद्राच्या अंगास लोटली, आणि दार त्या अंगास नाहीं हें प्रत्येकाच्या डोळ्यांत भरूं लागलें. दंतकथेस बळ आलें तें बहुधा येथूनच.

परक्यानें ही गोष्ट रचली असती तर एक वेळ समजतां आलें असतें. पण नकाशा उलटा धरणारे अडाणी लोक आणि मानासाठीं जीव देणारा साहेब, हें चित्र मुंबईकरच वर्षानुवर्षें हौसेनें रंगवीत आले. बोरीबंदराच्या कामावर राबलेल्या रावसाहेब वैद्यांस त्यांत कोठेंच जागा मिळाली नाहीं.