टपालवाला, पोलीस आणि प्राध्यापक

वकिली व पोलीस खाते या वाटा आपल्या परिचयाच्या आहेत. कॉलेजात फौजदारी न्याय हा विषय शिकविणारा अध्यापक, ही वाट मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच कानी आली असेल. तिचा इतिहास पाहू जाता आपणांस अमेरिकेतील ऑगस्ट व्होल्मर यांच्यापाशी जावे लागते.

नवल असे की, या गृहस्थांनी स्वतः कॉलेजची पायरी कधी चढली नव्हती. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे ते टपाल वाटीत. १९०५ साली नागरिकांनी त्यांना मार्शल, म्हणजे शहराचे पोलीसप्रमुख, म्हणून निवडून दिले. १९०८ मध्ये त्यांनी आपल्या शिपायांसाठी शाळा काढली. फौजदारी कायदा, बोटांचे ठसे, छायाचित्रण, प्रथमोपचार, इतकेच काय सार्वजनिक आरोग्यही तेथे शिकविले जाई. मारझोड करून कबुली घेणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. आणि विचार करा, ज्याला पुरावा गोळा करता येत नाही तो काठीखेरीज दुसरे काय उचलणार?

पुढे त्यांनी विद्यापीठातील तरुण पोलिसांत भरती केले. जुने पोलीस त्यांची ‘कॉलेजी शिपाई’ म्हणून थट्टा करीत. त्यांतलाच एक, ओ. डब्ल्यू. विल्सन, १९५० साली बर्कलेच्या गुन्हेगारीशास्त्र विद्यालयाचा प्रमुख झाला. खुद्द व्होल्मर १९३१ मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले होते.

१९६८ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या शिक्षणासाठी पैसा उपलब्ध झाला आणि असे अभ्यासक्रम गावोगावी निघाले. शिकविणार कोण? निवृत्त अंमलदार हाताशी होतेच. अनुभव दांडगा, पण पुष्कळदा तास म्हणजे जुन्या प्रकरणांच्या गोष्टी! १९७८ साली लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने यावर नेमके बोट ठेवले. अध्यापकाने पूर्वी पोलिसांत काम केलेले असणे ही अट नसावी आणि अडचणही नसावी, असे त्याने सांगितले. मला हा निवाडा रास्त वाटतो. आरोपीचे हक्क समजावून देण्यास वर्दी घातलेली असण्याची गरज नाही. मात्र पंचनामा कोठे चुकतो हे तो लिहिलेल्या माणसालाच अधिक कळते.

आज तेथे पूर्णवेळ जागेसाठी बहुधा पदव्युत्तर पदवी, विद्यापीठात तर डॉक्टरेट मागतात. लहान कॉलेजांच्या सायंकाळच्या वर्गांना मात्र दिवसा कोर्टात उभा राहणारा वकील किंवा ड्यूटी आटोपून आलेला अंमलदार अजूनही शिकवितो.