शेणातली ज्योत आणि गावाचे भांडवल



शेणाला आपल्याकडे दोन वाटा. एक उकिरड्याकडे जाते, दुसरी चुलीकडे. उकिरड्यात गेले तर शेताला खत मिळते, पण चूल थंड राहते. गोवऱ्या थापल्या तर चूल पेटते, पण शेत उपाशी राहते. वर धूर असतोच, आणि तो जातो घरच्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. म्हणजे एकाच शेणावर दोन सावकार बसलेले! या दोघांचेही देणे भागवणारी तिसरी वाट माणसाला कशी सापडली, आणि त्या वाटेला पैसा कोणी घातला, ही गोष्ट आज सांगायची आहे.

या गोष्टीचा आरंभ खेड्यात नाही, मुंबईत आहे. १८९० साली माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रयस्थान उघडले. वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. तिथल्या मैल्याची विल्हेवाट लावायला बंद टाकी बांधली होती. १८९७ च्या सुमारास त्या टाकीतला वायू धरून त्यावर इंजिन चालवण्यात आले. समाजाने ज्यांना गावाबाहेर घातले, त्यांच्याच आवारात ही शक्ती कामाला लागली. केवढा हा योगायोग!

आता हा वायू येतो कुठून? शेण पाण्यात कालवून बंद विहिरीत सोडले, की हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू ते कुजवतात. त्यातून मिथेन निघतो. तो जळतो, आणि त्याची ज्योत निळी असते, धुराची नसते. उरलेला शेणकाला बाहेर येतो. त्यातले नत्र जळून जात नाही, ते शेताला मिळते. शेण गोवरीत जळते तेव्हा नत्रही जाते. इथे मात्र जाळ घरात आणि खत शिवारात. तिसरी वाट ती हीच.

१९३९ साली दिल्लीच्या शेतकी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. पुढे १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र घडवले. वायू भरला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. अडाणी माणसालाही नुसते बघून कळावे की आज गॅस किती आहे! १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने हेच संयंत्र खेडोपाडी नेले.

पण बंधूंनो, अडचण होती ती पैशाची. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे दावणीला चारपाच जनावरे हवीत, जागा हवी, पाणी हवे आणि बांधकामाला रोख रक्कम हवी. ज्याच्याजवळ हे सगळे होते, त्याला सरपणाची फारशी ददात नव्हती. ज्याला ददात होती, त्याच्याजवळ म्हैस एकच.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि सरकारचे लक्ष शेणाकडे वळले. कर्ज आणि अनुदान सुरू झाले. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशात अजितमल इथे विटांच्या घुमटाचे ‘जनता’ संयंत्र निघाले, आणि १९८४ मध्ये त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’. लोखंड गेले, खर्च उतरला. १९८१-८२ पासून राष्ट्रीय योजना चालू झाली, आणि पुढच्या काळात देशभर सुमारे ५० लाख संयंत्रे बांधली गेली.

बांधली गेली खरी, पण चालली किती? आपल्यापैकी अनेकांनी परसात झाकण गंजलेले, गवत उगवलेले एखादे संयंत्र पाहिले असेल. अनुदान बांधणीला मिळाले, निगराणीला मिळाले नाही. घुमटाला चीर गेली तर गवंडी मिळेना. बैल विकून ट्रॅक्टर आला, शेण आटले. आणखी एक गोष्ट झाली, ती कमी बोलली जाते. शेणाला मोल आले तेव्हा रानातून फुकट शेण वेचणाऱ्या भूमिहीन बाईचे सरपण गेले. एकाच्या घरी निळी ज्योत पेटली, तर दुसरीची चूल विझली.

मग उपाय? कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचे खेडे आहे. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतले अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. साऱ्या गावाच्या स्वयंपाकाला गॅस द्यायचा, हा त्यांचा बेत. शेण पुरेना, बेत फसला. तेव्हा गावकऱ्यांना विचारले, “तुम्हाला काय हवे?” गाव म्हणाले, “आधी पाणी!” १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालले, नळाला पाणी आले, घरात दिवे लागले. शेण घालणाऱ्याला वजनावर पैसे मिळत आणि शेणकालाही परत मिळे. ही व्यवस्था सुमारे दहा वर्षे चालली. विद्वानांनी गावाला विचारले, तेव्हाच गाडी रुळावर आली.

आपल्या महाराष्ट्रातही असे माणूस होऊन गेले. देहूच्या आरोग्य केंद्रातले डॉ. मापुसकर यांनी गावात संडास बांधले आणि संडासाला जोडलेले गॅस संयंत्र तयार केले. त्यांनी रोगराईशी झुंज दिली, गॅस हा तिचा प्रसाद. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता मोठे भांडवल या धंद्यात येऊ पाहते आहे. २०१८ साली केंद्र सरकारने दाबाखालच्या जैववायूची योजना आखली. पाच वर्षांत ५००० कारखाने उभारायचे ठरले. प्रत्यक्षात आकडा फार मागे राहिला. कारखान्याला बारमाही कच्चा माल आणि खताला गिऱ्हाईक लागते, हे पैसेवाल्यालाही ठेच लागूनच कळले.

म्हणून तुमच्या गावात कोणी असा प्रकल्प घेऊन आला, तर त्याला हाकलू नका, आणि लगेच अंगठाही उठवू नका. चार गोष्टी विचारा. शेण आणि पाचट काय भावाने घेणार? शेणकाला कोणाला परत मिळणार? बिघडले तर दुरुस्त कोण करणार? ज्याच्याकडे गुरे नाहीत त्याला यात काय? आणि ही उत्तरे ग्रामसभेत, सर्वांसमक्ष लिहून घ्या.

गुरुजी, एक काम तुमच्याकडे. मुलांना घेऊन गावातली गुरे मोजा, बंद पडलेली संयंत्रे मोजा, आणि ती का बंद पडली ते घरोघर विचारून वहीत उतरवा. गणितही होईल, इतिहासही होईल. भांडवल बाहेरून येईल. पण ही वही जर गावाच्या हातात असेल, तरच ते गावाचे होईल.