चार ओळींचा रॅपर

इंदुरात पोह्यांवर जीरावन मसाला मागावा लागत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, तर गाडीवाला शेव आणि जीरावन आपणहून भुरभुरतो. लिनक्सचं पॅकेज बांधताना मला हा गाडीवाला हमखास आठवतो.

परवा मी बांधलेला एक प्रोग्राम टर्मिनलवरून झकास चालायचा, मेनूतून उघडला की गप्प. त्याला डेटाचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून हवा होता, आणि तो मी कधीकाळी टर्मिनलचा शेल वाचतो त्या माझ्या बॅशआरसी फाइलीत लिहून विसरलो होतो. माझ्या घरचं जीरावन गिऱ्हाइकाच्या ताटलीत कुठून येणार?

युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आज्ञा कुठे शोधायच्या ते शेलच्या कोडातच कोरलेलं होतं. बेल लॅब्जच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, प्रत्येक प्रोग्रामला जन्मतः नाव-किमतींची शिदोरी, म्हणजे एन्व्हायर्नमेंट, मिळू लागली. पाथ आणि होम त्यातलेच. शिदोरी आईकडून लेकराकडे जाते, उलट कधीच नाही. मेनूतून जन्मलेल्याला माझ्या टर्मिनलातलं काही ठाऊक नसतं ते म्हणूनच.

त्याच आवृत्तीत स्टीफन बॉर्नचा शेल आला. व्हेरिएबल नसेल तर कोणती किंमत धरायची, हे त्यात एका उणे चिन्हाने सांगता येई. त्या उण्याआधीचा कोलन मागाहून, सिस्टिम थ्री या पुढच्या युनिक्समध्ये आला. फरक बारीक, पण गाडीवर लगेच कळेल असा. नुसतं उणे असेल तर ‘काही नको’ म्हणणाऱ्याचं ऐकलं जातं, म्हणजे मुद्दाम रिकामं ठेवलेलं रिकामंच राहतं. कोलन असला की त्याच्याही पोह्यांवर जीरावन पडतंच.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणाने पुढे या चिन्हाला कायद्यात जागा दिली. प्रोग्रामने व्हेरिएबलवाचूनही शहाण्यासारखं चालावं, असं त्यांची पॉलिसी सांगते. कोड बदलणं सोपं नसेल, तर मूळ प्रोग्रामच्या जागी छोटी शेल स्क्रिप्ट बसवायची, तोच रॅपर. ईटीसीतल्या प्रोफाइल फाइलला मात्र इतर पॅकेजांनी हात लावायचा नाही. मला हे पटतं: ती फाइल लॉगिन शेल वाचतो, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन नाही.

पॉलिसीतला नमुना चार ओळींचा आहे. पहिलीत शेलचं नाव, दुसरीत कोलन-उणे, तिसरीत एक्स्पोर्ट. डेटाचा पत्ता रिकामा असून चालत नाही, म्हणून मीही कोलन ठेवला. चौथ्या ओळीत एक्झेक: रॅपर आपल्याच प्रोसेसमध्ये मूळ प्रोग्रामला बसवतो आणि स्वतः उरत नाही.