विसाव्याचा हक्क : गिरणीच्या भोंग्यापासून संगणकापर्यंत



रविवारची सुट्टी आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती वारांच्या क्रमाबरोबर आपोआपच आली असावी, असें पुष्कळांस वाटतें. परंतु या सुट्टीला जन्मतारीख आहे. मुंबईच्या गिरणी-कामगारास ती १० जून १८९० या दिवशीं मिळाली. आणि ती मिळण्यापूर्वीं सहा वर्षें सभा भरल्या, अर्ज लिहिले गेले, हजारों कामगारांनीं सह्या केल्या. ज्या गोष्टीला जन्मतारीख असते, ती नाहींशी होण्याचा दिवसहि येऊं शकतो. आज पुण्याजवळ हिंजवडीस किंवा मुंबईंत अंधेरीस संगणकापुढें बसून जगभरचीं संकेतस्थळें बांधणारा व राखणारा जो तरुण वर्ग आहे, त्याचा कामाचा दिवस संपतो तरी केव्हां, हा प्रश्न घरोघरचे आईबाप विचारीत आहेत. म्हणून हाच प्रश्न आपल्या प्रांतांत पूर्वीं कसा उभा राहिला आणि कसा सुटत गेला, हें आज थोडक्यांत पाहूं.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी स्थापन केली व तिची सूतगिरणी १८५६ सालीं ताडदेव येथें चालूं झाली. मुंबईच्या गिरण-धंद्याचा हा आरंभ होय. त्या पहिल्या पिढीच्या गिरण्यांत कामाचे तास घड्याळावर ठरत नसत; ते सूर्यावर ठरत. उजाडतांच यंत्रें सुरू होत आणि अंधार पडतांच थांबत. मुंबईंत जूनमधील मोठ्यांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधील लहानांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा असतो. म्हणजे उकाड्यानें शरीर लवकर थकतें त्या दिवसांत काम अधिक, आणि थंडींत कमी, असा हा उफराटा हिशेब होता. दुपारीं भाकरी खाण्याकरितां यंत्र थांबेलच, असा नेम नसे. रविवारीं यंत्रें थांबलीं तरी माणसें थांबत नसत. यंत्रांची साफसफाई करण्यासाठीं त्यांना सकाळीं बोलावून घेत.

कोणी म्हणेल, शेतकरीहि उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबतोच. तें खरें आहे. परंतु शेताला हंगाम असतो. पेरणी झाली कीं उसंत मिळते, सुगी झाली कीं जत्रा भरते, पाऊस कोसळूं लागला कीं बैलहि गोठ्यांत उभे राहतात. यंत्राला हंगाम नाहीं. कोंकणांतून आणि घाटावरून आलेला कुणबी गिरणींत शिरला, तेव्हां कष्ट त्याला नवे नव्हते. त्यानें गमावली ती उसंत.

या स्थितीकडे सरकारचें लक्ष गेलें तें केवळ दयेपोटीं नव्हे. मुंबईचें सूत व कापड लँकेशायरच्या मालाशीं स्पर्धा करूं लागलें होतें. विलायतेंतील कारखान्यांवर कायद्याचीं बंधनें आणि मुंबईंत मात्र मोकळें रान, ही गोष्ट मँचेस्टरच्या धनिकांस सलत होती. १८७५ सालीं मुंबईंत पहिली चौकशी झाली आणि १८८१ सालीं पहिला कारखाना-कायदा आला. त्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्याची बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठीं नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलानें नऊ तास राबणें ही त्या वेळीं सुधारणा होती! प्रौढ स्त्रीपुरुषांच्या तासांविषयीं तर या कायद्यानें एक अक्षरहि काढलें नाहीं.

येथेंच एक मोठा पेंच उत्पन्न झाला. त्या काळच्या अनेक राष्ट्रवादी पत्रांनीं या कायद्यास विरोध केला. देशी धंदा बाल्यावस्थेंत असतां त्याचा गळा घोटण्याची ही मँचेस्टरची युक्ति आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. हा संशय निराधार नव्हता. परंतु वैद्याचा हेतु स्वार्थी असला म्हणून रोग्याचें दुखणें खोटें ठरत नाहीं. हें ओळखणारीं माणसें आपल्यांतहि होतीं. सोराबजी शापूरजी बंगाली यांनीं, लँकेशायरची वाट न पाहतां, १८७८ च्या सुमारास असा कायदा व्हावा म्हणून आपण होऊन विधेयक तयार केलें होतें. आणि स्वतः कामगारांच्या वतीनें बोलणारा पुरुष लवकरच पुढें आला.

त्यांचें नांव नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८ चा. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते, आणि कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलेलें 'दीनबंधु' पत्र १८८० पासून ते मुंबईंत चालवूं लागले. २३ व २६ सप्टेंबर १८८४ रोजीं त्यांनीं गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचें निवेदन कारखाना-चौकशी मंडळापुढें ठेवलें. मागण्या अशा होत्या : रविवारीं सर्वांना सुट्टी असावी; दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा; काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें; मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातीं पडावा; आणि कामावर जखमी होणाऱ्यास बरा होईपर्यंत पगार व कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय व्हावी.

या मागण्यांचा विनय पाहण्यासारखा आहे. आठ तासांचा दिवस त्यांत मागितलेला नाहीं. मागितला आहे तो दिवसाचा शेवट. सूर्य मावळल्यावर माणसाला माणूस म्हणून घरीं जाऊं द्या, एवढेंच. तरीहि तें पदरीं पडण्यास वेळ लागला. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियांनीं भाषणें केलीं. त्यानंतर १० जून रोजीं गिरणी-मालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीं, १८९१ च्या कायद्यानें, साप्ताहिक सुट्टी व मध्यान्हीचा विसांवा यांस कायद्याचें बळ मिळालें आणि स्त्रियांसाठीं अकरा तासांची मर्यादा ठरली. पुरुषांचे तास मात्र तसेच मोकळे राहिले. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारींत प्लेगच्या साथींत वारले.

आतां या इतिहासांतील सर्वांत बोलका प्रसंग येतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले. अंधार हीच आजवर कामगाराची ढाल होती. ती एका बटणासरशी नाहींशी झाली. बाजारांत तेजी होती. १९०५ सालीं कित्येक गिरण्यांत काम चौदा तासांच्याहि पलीकडे जाऊं लागलें, आणि दिव्याखालच्या या कामाविरुद्ध कामगारांनीं दंगे केले. सुधारणेच्या साधनानेंच माणसाची रात्र हिरावून घेतली, हें त्यांनीं कोणत्याहि पंडिताच्या आधीं ओळखलें. पुन्हा चौकशा झाल्या व १९११ चा कायदा आला. कापडाच्या गिरण्यांत प्रौढ पुरुषासहि बारा तासांपेक्षां अधिक काम देतां येणार नाहीं, आणि पाळ्यांची मंजूर व्यवस्था नसेल तर सकाळीं साडेपांचापूर्वीं वा सायंकाळीं सातानंतर कोणास कामावर ठेवतां येणार नाहीं, असें त्यानें ठरविलें. विजेनें घालविलेला सूर्यास्त कायद्यानें परत आणला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढील पायऱ्या भराभर सांगतों. १९१९ सालीं वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर-परिषदेनें आठ तासांचा दिवस व अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा हें तत्त्व मान्य केलें. तेथें हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून ना. म. जोशी गेले होते. हिंदुस्थानापुरता साठ तासांचा आठवडा ठरला व तो १९२२ च्या कायद्यांत उतरला. मुंबईच्या कामगारांनीं तर १९२० च्या संपांत दहा तासांचा दिवस आधींच मिळविला होता. १९३४ सालीं बारमाही कारखान्यांसाठीं चोपन्न तास ठरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूर-खात्याचे सभासद असतां १९४६ ची दुरुस्ती होऊन आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला, आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्यानें तो कायम केला. रविवारच्या सुट्टीपासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत यावयास छप्पन्न वर्षें लागलीं.

या वाटेवर एक खांचखळगा होता, तो ध्यानांत ठेविला पाहिजे. तास कमी झाले, तेव्हां मालकांनीं कामाची घनता वाढविली. दोन मागांवरील विणकऱ्याकडे तीन माग द्यावे, यंत्राची एक बाजू पाहणाऱ्यास दोन बाजू द्याव्या, अशा योजना निघाल्या. आणि त्यांतूनच १९२८ चा सुमारें दीड लाख कामगारांचा, जवळजवळ सहा महिन्यांचा संप झाला. घड्याळ आंखून दिलें म्हणजे ओझें आंखून दिलें, असें होत नाहीं.

मोकळ्या झालेल्या तासांचें कामगारांनीं काय केलें, असा प्रश्न सुखवस्तु लोक नेहमीं विचारतात. उत्तर गिरणगांवांतच आहे. ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें रात्रशाळा व वाचनालयें चालविलीं; बारा तास राबून आलेल्या माणसाचे डोळे तेथें पुस्तकावर टिकले नसते. चाळींतून भजनी मंडळें, तमाशे, नाटकें उभीं राहिलीं. अण्णाभाऊ साठे आणि नारायण सुर्वे हे दोघेहि गिरणींत राबलेले. मराठी वाङ्मयाला त्यांनीं जें दिलें, तें भोंगा वाजल्यानंतरच्या वेळांत दिलें.

कचेरींतील कारकून व दुकानांतील नोकर यांना मात्र दीर्घकाळ वाटे कीं, हे कायदे आपल्यासाठीं नव्हेत, आपण पांढरपेशे. त्यांनाहि संरक्षण लागतें हें मुंबई इलाख्यानें १९३९ सालीं दुकानें व संस्थांचा कायदा करून मान्य केलें. संगणकावर काम करणारा आजचा अभियंता त्याच परंपरेंतला आहे. त्याच्या धंद्याचें वैशिष्ट्य असें कीं, संकेतस्थळाला रात्र नसते. पुण्यांत सायंकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हां न्यूयॉर्कला उन्हाळ्यांत सकाळचे नऊ होतात. आपला दिवस संपतो त्या घटकेला गिऱ्हाइकाचा सुरू होतो. दुरुस्त्या रात्रीं करावयाच्या, कारण तेव्हां वर्दळ कमी. आणि बिघाड तर केव्हांहि होतो. गिरणीचा भोंगा कर्कश होता खरा, पण तो दोनदां वाजे : एकदां या म्हणून, आणि एकदां जा म्हणून. खिशांतला दूरध्वनि फक्त 'या' म्हणतो. २०२० च्या महामारींत कचेरी घरांतच आली, आणि कामाला उरलेला उंबरठाहि पुसट झाला. १९०५ च्या दिव्यानें रात्र नेली. या नव्या साधनानें घर नेलें.

ऑक्टोबर २०२३ मध्यें संगणक-उद्योगाचे एक ख्यातनाम धुरीण नारायण मूर्ति यांनीं, देशाच्या उत्कर्षासाठीं तरुणांनीं आठवड्यास सत्तर तास काम करावें, असें प्रतिपादन केलें. १९११ च्या कायद्याचे बारा तास सहा दिवसांनीं गुणले असतां बहात्तर होतात. म्हणजे ज्या स्थितींतून आपण शंभर वर्षांपूर्वीं बाहेर पडूं लागलों, तिचीच ही जवळपास पुनरावृत्ति. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, आठवड्यास पंचावन्न वा अधिक तास काम करण्यामुळें २०१६ या एका वर्षांत पक्षाघात व हृदयविकार यांनीं सुमारें ७ लाख ४५ हजार माणसें दगावलीं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व संस्था कायद्यानें नऊ तासांचा दिवस व अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरविला. पण व्यवस्थापकीय व गोपनीय कामावरील माणसें त्यांतून वगळलीं. सप्टेंबर २०२५ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें दुकानें व संस्थांसाठीं नवाचे दहा व कारखान्यांसाठीं नवाचे बारा तास करण्यास मान्यता दिली. उलट दिशेचे प्रयत्नहि झाले आहेत. कामाच्या वेळेबाहेर संदेशांस उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सच्या कायद्यांत १ जानेवारी २०१७ पासून आला. आणि तशाच आशयाचें खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ च्या डिसेंबरांत लोकसभेंत मांडलें.

धंदा बुडेल, देश मागें पडेल, ही भीति १८८१ सालींहि दाखविली गेली होती. इतिहास काय सांगतो? रविवार मिळाल्यानंतरहि मुंबईच्या गिरण्या कित्येक दशकें वाढतच गेल्या. पुढें त्या बंद पडल्या, त्या जुनाट यंत्रांमुळें, यंत्रमागांच्या स्पर्धेमुळें, १९८२ च्या संपानंतरच्या वाताहतीमुळें आणि जमिनीच्या चढत्या भावामुळें. कामगारानें आठवड्यांतून एक दिवस मुलाबाळांत घालविला, म्हणून कोणतीहि गिरणी बुडाली नाहीं.

एक गोष्ट मात्र तेव्हां होती आणि आज दुर्मिळ आहे. गिरणीचा दरवाजा एक होता, भोंगा एक होता. कोण किती वेळ राबतो, हें सर्वांना दिसत होतें. आजचा अभियंता आपल्या खोलींत एकटा जागतो आणि हा आपल्याच कुशलतेचा दोष आहे, असें मानून गप्प राहतो. त्यानें एवढें लक्षांत घ्यावें कीं, नारायण मेघाजी लोखंडे हे यंत्रावर काम करणारे नव्हते. मांडवीच्या एका गिरणींत ते कोठाराचा हिशेब ठेवीत. ते लेखणीचे धनी होते. पण मागावरील माणसाचा थकवा आणि आपला थकवा निराळा आहे, असें त्यांनीं मानलें नाहीं, आणि म्हणूनच आपल्याला रविवार मिळाला. दिवसाचा शेवट कोठें व्हावा, हें सूर्यानें ठरविण्याचे दिवस केव्हांच सरले. तो आतां माणसांनींच, एकत्र येऊन, ठरवावा लागतो.