गँबिट

‘गँबिट’ हा शब्द इटालियन ‘गाम्बा’पासून, म्हणजे पायापासून, निघाला; मल्लयुद्धात प्रतिपक्षाच्या पायात पाय अडकवून त्याला पाडण्याच्या पेचाचे हे नाव स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१च्या आपल्या ग्रंथात बुद्धिबळातल्या, आरंभीच प्यादे पणाला लावण्याच्या पेचाला बहाल केले. त्या मूळ अर्थाशी इमान राखतो तो लाटव्हियन गँबिट: दोन्ही राजांपुढील प्यादी समोरासमोर येऊन पांढऱ्याने राजाकडील घोडा बाहेर काढताच, काळा स्वतःच्या राजाच्या तटबंदीचा मुलाहिजा न ठेवता राजाकडील उंटापुढील प्यादे दोन घरे लोटतो. रीगाच्या कार्लिस बेतिन्श याने त्याचा चिकाटीने अभ्यास केला. शास्त्रदृष्ट्या हा डाव सदोष आहे, हे निर्विवाद. तथापि गाफील प्रतिस्पर्ध्याची उडणारी त्रेधा पाहता, मित्रांच्या बैठकीत तो अवश्य मांडावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.