लग्नमंडपांतील देवघेव

आपल्या शहरांतील विवाहसमारंभांत अलीकडे परदेशच्या चालीरीतींचा बराच शिरकाव झाला आहे. सप्तपदी आटोपते न आटोपते तोंच केक कापला जातो, अंगठ्यांची अदलाबदल होते. एखादा हौशी वर तर कांचेचा पेला पायाखालीं फोडून टाळ्या घेतो. वडील मंडळी नाकें मुरडतात. तरुण मंडळी म्हणतात, जग आतां जवळ आलें आहे. या दोघांनाहि एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती ही कीं, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही देवघेव शतकानुशतकें चालत आली आहे, आणि तिच्यापायीं माणसांनीं बरेंच सोसलेंहि आहे.

प्रथम पारशी समाज घेऊं. 'किस्से-इ-संजान' हें फारशी काव्य नवसारीच्या बहमन कैकोबाद यानें इ. स. १६०० च्या सुमारास रचिलें. इराणांतून आलेलीं कुटुंबें संजाण येथें उतरलीं तेव्हां जादी राण्यानें त्यांस कांहीं अटी घातल्या, व लग्नें सायंकाळीं लावावीं ही त्यांतील एक होती, असें त्यांत सांगितलें आहे. मूळ घटनेनंतर कित्येक शतकांनीं लिहिलेल्या काव्याला दप्तरांतील अस्सल कागदाची किंमत देतां येत नाहीं. तथापि पारशी लग्न आजहि बहुधा दिवेलागणीलाच लागतें, हें खरें. 'आछु-मिछु'च्या विधींत अंडें व नारळ ओवाळून फोडतात. वधूवरांच्या मध्यें आपल्या अंतरपाटासारखा पडदा धरतात, त्यांच्याभोंवतीं सात वेळां सूत गुंडाळतात, आणि पडदा दूर होतांच दोघें एकमेकांवर तांदूळ टाकतात. आशीर्वाद पाझंद भाषेंत म्हणतात. एके काळीं त्याच्या जोडीला संस्कृत आशीर्वादहि म्हणत असत. परंतु त्याच विधींत धर्मगुरु दोन हजार चांदीच्या दिरमांचा आणि निशापुरी सोन्याच्या दोन दिनारांचा उच्चार करतात! निशापूर हें इराणांतील खोरासान प्रांताचें शहर. नारळ या भूमीचा घेतला, पण हिशेब निशापूरच्याच नाण्यांत राहिला.

कोंकणांतील बेने इस्राएल लोकांची रीत अशीच. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांत हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. लग्नापूर्वीं मेंदी आपल्या शेजाऱ्यांप्रमाणें. लग्न मात्र यहुदी धर्माप्रमाणें करारपत्र वाचून व अंगठी घालून. यहुदी लग्नांत पेला फोडतात तो मौजेखातर नव्हे. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें जेरुसलेमचें मंदिर उद्ध्वस्त केलें, त्याचें दुःख आनंदाच्या क्षणींहि विसरूं नये, असा त्या चालीचा अर्थ सांगतात. आमच्या हौशी वरानें एवढें जाणून घेतलें असतें, तर टाळ्यांची अपेक्षा त्यानें बहुधा केली नसती.

पण या देवघेवीची खरी कसोटी लागली ती गोमंतकांत. पोर्तुगीजांनीं गोवें जिंकलें १५१० सालीं, आणि १५६० सालीं तेथें 'इन्क्विझिशन' म्हणजे धर्मन्यायासन स्थापन झालें. लोक ख्रिस्ती झाले, नांवें बदललीं, लग्न देवळांत पाद्र्यासमोर लागूं लागलें. घरांतील विधि मात्र बदलेनात. शेवटीं १७३६ च्या एप्रिल महिन्यांत या न्यायासनानें एक लांबलचक जाहीरनामा काढला. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनीं गोव्याच्या या न्यायासनावर १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथांत त्याची माहिती दिली आहे. लग्नांत देशी वाद्यें वाजवूं नयेत. विडे वांटूं नयेत. फुलें, पुऱ्या, पानसुपारी व्याह्यांकडे पाठवूं नये. वधूवरांच्या अंगास हळद वगैरे लावूं नये. ओव्या गाऊं नयेत, चारचौघांत नाहींत व घरांतहि नाहींत! याशिवाय तुळस, चोळी, पुडवें, इतकेंच काय, मीठ न घालतां शिजविलेला भातसुद्धां निषिद्ध ठरला. धर्मसत्तेला बायकांच्या ओव्यांचें आणि चुलीवरच्या भाताचें एवढें भय कां वाटावें? माझ्या मतें तिनें बरोबर हेरलें होतें. पुरुषांचा धर्म दप्तरांत नोंदतां येतो. पाट्यावर वांटलेल्या हळदीची नोंद कोण ठेवणार? तेथें शेजारणीकडूनच खबर काढावी लागते, आणि ज्या शेजारणीनें तशी खबर द्यायची, तिच्याहि घरीं लग्न निघालेलेंच असतें.

हें न्यायासन १७७४ सालीं बंद झालें, १७७८ सालीं पुनः सुरू झालें आणि १८१२ सालीं कायमचें मोडलें. 'रोस' मात्र राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशीं वधूला तिच्या घरीं व वराला त्याच्या घरीं नारळाचा रस चोळतात, त्याला रोस म्हणतात. आपल्या हळदीचीच ती बहीण होय. मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतहि ही चाल आहे. ज्या ओव्यांवर बंदी घातली, त्या याच प्रसंगीं म्हणत. वधूच्या हातांत कांकणांचा 'चुडो' भरतात. पूर्वजांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना जेवण घालतात. तें पाहून आपल्याला श्राद्धाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आणि देवळांत पांढरा झगा घालून उभी राहिलेली वधू नंतर 'साडो' नांवाचा तांबडा पोषाख नेसते, अशी जुनी चाल आहे. पांढरा रंग युरोपचा. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनें १८४० सालीं आपल्या लग्नांत तो वापरल्यापासून त्याची चलती झाली. तांबडा आपल्याकडचा. एकाच दिवशीं एकाच अंगावर दोन्ही चढत, आणि वधूला त्यांत विसंगत असें कांहींच वाटत नसे.

पुढें गोमंतकीय कुटुंबें मुंबईस आलीं, आफ्रिकेंत गेलीं, लंडन व टोरांटो येथें स्थायिक झालीं. तेथेंहि लग्नाच्या आदल्या दिवशीं घरच्या बायका वाडगा घेऊन वधूभोंवतीं जमतात. ताजा नारळ मिळाला नाहीं, तर डब्यांतला रस चालतो.